कात्रीतून सुटलेली कोंबडी

गंगाराम एसटीतून रिटायर झाला आणि वायरी गावाच्या कानांवर संकट कोसळलं. उभा जन्म मालवण–कसाल–कणकवली गाडीवर कंडक्टरकी केलेला माणूस. तोंड बंद ठेवायची सवयच नाही. पहिले काही दिवस तर तो स्वयंपाकघरात जाऊन जानकीलाच "चला, पुढे सरका, मागे जागा आहे" म्हणायचा. जानकीने महिनाभर ऐकून घेतलं आणि मग हातातली पळी जमिनीवर आपटली.

"तुमी कायतरी छंद लावून घेवा," ती म्हणाली. "नायतर माका म्हायेराक धाडा."

मुलगा प्रीतम शहाणा. त्याने बापाचा मोबाईल घेतला, त्यात व्हिडिओ कापायचं-जोडायचं एक अ‍ॅप टाकून दिलं आणि होड्यांच्या कामाला निघून गेला. झालं! शांततेसाठी केलेला उपाय अंगाशी आला, कारण गंगाराम आता बोलायचाही आणि वर शूटिंगही करायचा.

यूट्यूबवर कोणी एक हिंदी बोलणारा पोरगा हे सगळं शिकवत असे. गंगाराम त्याच्यासमोर चष्मा लावून शाळेत बसल्यासारखा बसे. त्यातलं निम्मं कळत नसे, पण पडद्यावरच्या कात्रीच्या चित्राने त्याला वेड लावलं. क्लिप घ्यायची, बोटाने सरकवायची, कात्री दाबायची, नको तो तुकडा उडवायचा. "जल्मभर तिकिटा फाडलंय, आता व्हिडिओ फाडतंय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

पहिला व्हिडिओ जानकीच्या बांगड्याच्या तिखल्याचा, म्हणजे झणझणीत कालवणाचा केला. त्यात जानकीचा एक हात, अर्धं भांडं आणि गंगारामचा अंगठा एवढंच दिसत होतं. दुसरा केला शेजारच्या लवूच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाचा. अ‍ॅपमध्ये तयार साचे मिळतात, त्यातला एक त्याने डोळे मिटून उचलला. मग काय विचारता! म्हाताऱ्याच्या हार घातलेल्या फोटोभोवती रंगीत फुगे उडाले, झिरमिळ्या पडल्या आणि शेवटी सोनेरी अक्षरांत आलं, 'अभिनंदन! असेच पुढे जात राहा!' सबंध वाडीच्या ग्रुपवर तो गेला. लवू त्यानंतर गंगारामच्या घरावरून जाताना मान फिरवून जायचा. पण गंगारामला त्याचं काय! त्याचं म्हणणं, फुगे छान आले होते.

हे सगळं खपून गेलं असतं. पण मग गंगारामने कात्री पोटच्या पोरावर चालवली.

प्रीतम तिशी ओलांडलेला, रंगाने सावळा, हाताने सोन्यासारखा. पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. किनाऱ्यावरची निम्मी इंजिनं त्याच्या हाताला ओळखत होती. खोट एकच. बोलताना अडखळायचा. साधासुधा नाही, शब्दाच्या दारातच अडकून बसायचा. ओठ घट्ट मिटायचे, मान किंचित पुढे यायची, आणि समोरच्याला वाटायचं, ह्याचा शब्द काढायला आता दोघे-तिघे लागणार. लहानपणापासून गंगाराम तो शब्द त्याच्यासाठी काढून देत आला होता. पोराने "पा…" म्हटलं की बाप "पाणी" म्हणायचा. पोराला कधी पायताण हवं असलं तरी पाणीच प्यावं लागे.

लग्नासाठी एकदा बांद्याला मुलगी बघायला गेले होते. मुलीने नाव विचारलं, आणि प्रीतम स्वतःच्या नावाच्या 'प'वरच अडकला. तेव्हा मुलीची मावशी हसून म्हणाली, "रेंज जाता काय रे?" घरभर हशा पिकला. प्रीतमही हसला, चहा प्यायला, नमस्कार करून बाहेर आला. त्यानंतर तो कुठल्याही मुलीच्या उंबऱ्यावर गेला नाही. आईने जीव काढला, बापाने डोकं खाल्लं, पण नाही म्हणजे नाही. गंगारामला ती मावशी अजून स्वप्नात दिसे आणि तो झोपेतच तिला "शिरा पडो तुझ्या तोंडार" अशी शिवी घाली.

तर अशात वधू-वरांच्या ग्रुपवर नवी टूम निघाली. नुसता फोटो नको, मुलाने आपली ओळख करून देणारा व्हिडिओ पाठवा. प्रीतमने ऐकल्या ऐकल्या हात जोडले. गंगारामचे मात्र डोळे चमकले. त्याने एका रविवारी दुपारी पोराला घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसवलं, इस्त्रीचा शर्ट चढवला, मोबाईल तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला आणि म्हणाला, "तू बोल. कितीव अडाक. बाकीचा मी बगतंय."

प्रीतम बोलला. तीन वाक्यं बोलायची होती. दुपारची उन्हं कलली, कपाळावरचा घाम गळून कॉलरीत गेला, जानकी दोनदा दारात येऊन परत गेली, पण शेवटचा 'नमस्कार' आला एकदाचा. पोर खुर्चीतून उठलं ते थेट समुद्रावर गेलं.

मग गंगाराम बसला कात्री घेऊन. तो यूट्यूबवरचा पोरगा सांगे, बोलण्यातली रिकामी जागा काढून टाका, व्हिडिओ झकास पळतो. गंगारामने रिकामी जागा काढायला घेतली ती खाटीक मटण साफ करतो तशी. हा अडखळा काप, तो श्वास काप, हे ओठ मिटणं काप. प्रत्येक शब्द नखाएवढा उरला. सगळे तुकडे जोडले, वर मंद सनई टाकली, आणि चालवून बघितला.

"माझं नाव प्रीतम. मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मला समुद्र आवडतो. नमस्कार."

एका दमात! वकिलासारखा! गंगारामला हुंदकाच आला. आपल्या लेकाच्या तोंडून सरळ वाक्य तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

संध्याकाळी प्रीतम परतला तेव्हा त्यालाही दाखवलं. पोर मोबाईल हातात घेऊन उंबऱ्यावर बसलं. एकदा बघितलं.

"प… परत लावा," तो म्हणाला.

परत लावला. मग त्याने स्वतःच लावला. मग आणखी एकदा. आपलाच आवाज असा धडधड पुढे जातोय, हे त्याला खरं वाटत नव्हतं. गंगाराम बाजूला उभा राहून डोळे पुसत होता, आणि जानकी मात्र चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती.

"ह्यो माजो झील न्हय," ती म्हणाली. "माजो झील असो भराभर बोलणा नाय."

"अगो, एक शब्द पदरचो घालूक नाय! मधली रिकामी जागा तेवढी काढलंय."

"ता तुमका रिकामा दिसता."

बायकांना कलेतलं काय कळतं, असं म्हणून गंगारामने व्हिडिओ ग्रुपवर टाकला. आणि चार लोक अंगठे टाकतात न टाकतात तोच कसालहून फोन आला. दत्ताराम म्हणून गृहस्थ, कसालच्या बाजारात गावठी कोंबड्यांचा धंदा, मुलगी अपेक्षा दुकान सांभाळायची. मुलीने व्हिडिओ बघितला आणि मुलाला बघायचं म्हणाली.

प्रीतमचं तोंड खर्रकन उतरलं. "मी ये… येवचंय नाय," तो म्हणाला. तिने बोलावलं होतं ते व्हिडिओतल्या पोराला. ते पोर कुठून आणायचं? दारात उभं राहून पहिला शब्द काढायचा म्हणजे पुन्हा तीच मावशी, तोच हशा. आणि ह्या वेळी वर फसवलं म्हणून शिव्या. असं परत एकदा झालं तर आपण कोणाच्या समोर तोंड उघडणार नाही, एवढं तो बोलला, आणि ते बोलायलाही त्याला अर्धं जेवण संपेपर्यंत वेळ लागला. गंगारामने पहिल्यांदाच त्याचं वाक्य मध्ये तोडलं नाही, कारण तोंडात घास होता.

घास गिळल्यावर म्हणाला, "अरे, मी आसंय मां! तू फकत बसान रव. बोलूचा ता मी बगतंय."

"लगीन तुमचा आसा की तेचा?" जानकीने विचारलं. पण शेवटी तीच पोराची समजूत घालायला बसली. काय म्हणाली कोण जाणे, प्रीतमने शर्ट घातला.

कसालला दत्तारामचं घर दुकानाच्या मागेच. पाहुणचार चांगला. कांदेपोहे, सोबत ओल्या काजूची उसळ. गंगारामने गेल्या गेल्या आपला मोबाईल तिकाटण्यावर चढवून कोपऱ्यातल्या टीव्हीशेजारी ठेवला. "आठवण म्हणान," त्याने सांगितलं. जानकीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि मग गंगाराम सुटला. हवापाण्यापासून सुरुवात, मग एसटीचे दिवस, मग इंजिनं. अपेक्षाने प्रीतमला विचारलं, "काम सकाळी लवकर सुरू होता काय?" उत्तर गंगारामने दिलं. तिने विचारलं, "पावसात होड्यो बंद, मगे काय करतास?" उत्तर गंगारामने दिलं. तिने विचारलं, "मासे कुठचे आवडतत?" प्रीतमने "सु…" म्हटलं, आणि गंगारामने "सुरमई!" सांगून टाकलं. खरं तर पोराला सुळे मासे आवडायचे. अपेक्षा एकदा गंगारामकडे बघे, एकदा प्रीतमकडे. प्रीतम पोह्यांतली मिरची बाजूला काढत राहिला.

दत्ताराम बराच वेळ चुळबुळ करत होता. शेवटी त्याला राहवेना.

"गंगारामानू, एक इचारू काय? राग नाय मां येवचो?"

गंगाराम सोफ्यावर सावरून बसला. "इचारा की."

"ती तुमची कोंबी खंयच्या जातीची?"

"कोंबी?"

"व्हिडिओतली! तांबडी!" दत्तारामने खिशातून मोबाईल काढून व्हिडिओ लावला. "ह्यां बगा. तुमचो झील 'माझं' म्हणता तेव्हा कोंबी बावीकडे आसा. 'नाव' म्हणता तर दारात! 'प्रीतम' म्हणासर लाकडांच्या ढिगार चढली! मी कोंबड्यांत जल्म काढलंय, पण इतकी चपळ कोंबी बगूक नाय. तेच्या बियाचो कोंबो मेळात काय?"

गंगारामने मोबाईल डोळ्यांशी धरला. कापताना त्याने पोराच्या तोंडाशिवाय काही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. मागे ती मेली तांबडी कोंबडी खळ्यात भूत झाल्यासारखी फिरत होती. शब्दागणिक जागा बदलत होती, कधी बावीकडे म्हणजे विहिरीपाशी, कधी दारात. 'होड्यांची' म्हणताना गायब, 'इंजिनं' म्हणताना पिल्लांसकट हजर. माडाची सावली पहिल्या वाक्यात खुर्चीच्या पुढे, शेवटच्या वाक्यात कुंपणापार. 'नमस्कार'ला तर कोंबडी खुराड्यात शिरून झोपली होती.

"ती… ती जात म्हणजे…" गंगाराम म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा अडखळला.

"बाबा, कोंबी चपळ नाय," अपेक्षा म्हणाली. "व्हिडिओ कापलेलो आसा." मग ती गंगारामकडे वळली. "काकानू, मधला सगळा काढलात मां?"

प्रीतमने बशी खाली ठेवली. त्याची मान हळूहळू खाली गेली. ती मान गंगारामने बांद्यालाही पाहिली होती. आपणच हे करून ठेवलं, असं त्याला वाटलं. मावशीने निदान तोंडावर हसून घेतलं होतं. इथे बापानेच लेकाला कापून कापून चांगला केला होता. जानकीने पदर तोंडाला लावला.

"पयला माका वाटला, गाळी देत आसतलो, म्हणान कापल्यानी," अपेक्षा सांगत होती. "मगे निवांत बगलंय. दर शब्दाच्या आदी ओठ घट धरलेले. मगे समाजला."

"समाजला तर बोलवलात कित्याक?" गंगारामचा आवाज बारीक झाला.

"कापलेला काय आसा ता आयकूक." ती प्रीतमकडे वळली. "तुमी सांगा."

"तेका म्हणूचा आसा की…"

"काकानू," अपेक्षा हात जोडून म्हणाली, "आता वायच तुमका कापूया."

जानकी पदराआडून फिस्सकन हसली. गंगारामने तोंड मिटलं. आयुष्यभर गाडीत उभं राहून जे त्याला जमलं नव्हतं ते सोफ्यावर बसून करायचं होतं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून ठेवले.

प्रीतमने मान वर केली. ओठ मिटले. वेळ गेला. बाहेर दुकानात कोंबड्या कलकलत होत्या.

"माका… ब… बोलूक… येळ लागता," तो म्हणाला.

"दिसता," अपेक्षा म्हणाली.

"म… मधी… इचार करूक… टायम मेळता." परत ओठ मिटले. गंगारामला पुढचा शब्द सुचेना, पहिल्यांदाच. "बा… बाबांक… तो मेळना नाय."

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग दत्ताराम असा हसला की त्याला ठसका लागला आणि जानकीनेच उठून त्याला पाणी दिलं. गंगाराम तांबडालाल झाला. अरे आवशीचो घो! पोटच्या पोराने भर सभेत धोतर फेडलं! पण प्रीतम हसत होता, बांद्यासारखा नव्हे, दात दाखवून हसत होता.

हसू ओसरल्यावर तो अपेक्षाकडे वळला. "माका… एक इ… इचारूचा आसा."

"इचारा."

"तुमका… मी… च…"

आणि तिथे अडला. असा अडला की चहावर साय धरली. गंगारामला शब्द माहीत होता! जिभेच्या टोकावर आला होता, नुसता ढकलायचा बाकी. त्याने डोळे गच्च मिटले, ओठ दाताखाली धरला. जानकीने त्याच्या मनगटाला चिमटा काढून ठेवला होता तो सोडला नाही. देवा, निघू दे एकदाचा, असं गंगारामने मनात म्हटलं.

"च… चलान काय?"

निघाला. 'चालेन का' एवढंच विचारायचं होतं, पण शब्द त्याचा त्याने काढला.

अपेक्षा पोह्यांच्या बशा उचलून आत गेली. दत्ताराम पाणावलेले डोळे पुसत म्हणाला, "घरात बोलतंय नी फोन करतंय." रीतच तशी, होकार कोणी जागेवर देत नाही. पण कित्येक फोन असेच यायचे राहतात, हे गंगाराम जाणून होता. परतीच्या गाडीत तो एक अक्षर बोलला नाही. कंडक्टर ओळखीचा, त्याने दोनदा विचारलं, "काका, बरा आसा मां?"

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत नाही. प्रीतम कामावर गेला नाही. ओसरीत एक इंजिन उघडून बसला होता आणि तोच एक नट घट्ट करत होता, सैल करत होता. जानकीने देवाला नारळ कबूल करून टाकला.

गंगारामला करमेना. त्याने कोपऱ्यात बसून कसालचा व्हिडिओ उघडला. सवयीने बोट कात्रीकडे गेलं. सुरुवातीपासून नुसती त्याचीच बडबड. हवापाणी, एसटी, इंजिनं. शी! इतका बोलतो मी? त्याने तो तुकडा उडवला. पुढचा उडवला. सुरमई उडवली. बघता बघता गंगाराम त्या व्हिडिओतून साफ गेला आणि उरला तो नुसता प्रीतम, त्याच्या त्या सगळ्या अडलेल्या जागांसकट.

शेवटचा प्रश्न आला. "तुमका… मी… च…" त्या वेळी गंगारामने डोळे मिटून घेतले होते, जानकी त्याच्याकडे बघत होती, दत्ताराम डोळे पुसत होता. अपेक्षाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मोबाईलचं होतं. ती पुढे झुकून प्रीतमच्या ओठांकडे बघत होती. घाई नव्हती, कीव नव्हती. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत माणूस जसा उभा राहतो तशी बसली होती. मग हळूच हसली. आणि शब्द अजून अर्ध्यात असतानाच तिने मान हलवली. होय म्हणून. मग दचकून बापाकडे पाहिलं आणि पदर सावरला.

गंगारामने ते परत पाहिलं. होकार तिथे होता, त्या रिकाम्या जागेत. पोराने विचारायच्या आत मिळालेला. कात्री मारली असती तर नखाएवढं "चलान काय" उरलं असतं आणि हे सगळं गेलं असतं. त्याला रडू आलं, आणि कात्रीवरचं बोट त्याने उचलून घेतलं.

"ओ, काय झाला?" जानकीने विचारलं.

सांगायला तोंड उघडलं. होय आसा गो, पोराक होय म्हटल्यान! एवढंच म्हणायचं होतं. ओसरीत पोर बसलं होतं, हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात प्रीतमचा मोबाईल वाजला. पडद्यावर 'कसाल' दिसत होतं.

प्रीतमने काळे हात फडक्याला पुसले, फोन कानाला लावला. ओठ मिटले, मान पुढे आली. "हॅ… हॅ…"

गंगाराम उठला. तांदळाच्या डब्यातून मूठ भरून घेतली आणि तोंड गच्च मिटून खळ्यात आला. तांबडी कोंबडी बावीकडे होती. तिच्यापुढे त्याने तांदूळ टाकले, आणि आत लेक पुरा "हॅलो" म्हणेपर्यंत तिथेच उभा राहिला.